एका रात्रीत लिहिलेल्या डायऱ्या

मंडळी, मघाशी 'झोननआले' चित्रपटात नायक मिखाच्या मित्राला, वुशेलला गोळी लागली तेव्हा सभागृह चिडीचूप झालं होतं. मग तो उठून बसला, अंगातल्या कपड्यांखालून फुटलेली रेकॉर्ड बाहेर काढली आणि ढसाढसा रडायला लागला. आणि आपण सगळे हसलो. मीही हसले. हा प्रसंग मी आजवर दहाबारा वेळा तरी पाहिला असेल आणि दर वेळी हसले आहे. हसून झालं की मात्र दर वेळी मनात येतं, आपण नक्की कशाला हसलो? सीमेवरचा शिपाई शाळकरी वयाच्या पोरावर बंदूक चालवतो, यात हसण्यासारखं आहे तरी काय? आज मला याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. त्यासाठी थोडा लांबचा वळसा घ्यावा लागेल, तो घेऊ.

आपण पाहिलेला 'झोननआले' हा चित्रपट जर्मनीत ७ ऑक्टोबर १९९९ रोजी प्रदर्शित झाला. तारीख मुद्दाम सांगते आहे. ७ ऑक्टोबर १९४९ हा पूर्व जर्मनी या देशाचा स्थापनादिवस. देश टिकला असता तर त्या दिवशी त्याची पन्नाशी झाली असती, संचलनं निघाली असती, पोरांना निळे सदरे घालून उभं केलं असतं. त्याऐवजी त्या दिवशी थिएटरात हा चित्रपट लागला आणि पुढे वीस लाखांहून जास्त लोकांनी तो पाहिला. दिग्दर्शक लेआंडर हाउसमान १९५९ सालचे, लेखक थोमास ब्रुसिग १९६४ सालचे. दोघेही पूर्व जर्मनीत वाढलेले. पटकथेला डेटलेव बुक यांनीही हात लावला, ते पश्चिमेकडचे. चित्रपटातला तो गल्लीतला पोलीस, तेच बुक. हाउसमान मुळात नाटकवाले, हा त्यांचा पहिलाच चित्रपट. त्यामुळे सगळं थोडं नाटकी, थोडं मोठ्या आवाजातलं आहे. काही जणांना ते खटकतं. मला ते आवडतं, कारण सतराव्या वर्षी माणूस तसाच असतो.

आता रस्त्याविषयी. 'झोनन' म्हणजे सूर्याचा आणि 'आले' म्हणजे दुतर्फा झाडी असलेला मोठा रस्ता. बर्लिनच्या हेरमानप्लाट्झ चौकातून आग्नेयेकडे निघालेली ही सुमारे पाच किलोमीटरची सडक. तिचा जवळजवळ सगळा भाग नॉयक्योल्नमध्ये, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम बर्लिनमध्ये होता. अगदी शेवटचा छोटासा तुकडा ट्रेप्टोमध्ये, म्हणजे पूर्वेत. १३ ऑगस्ट १९६१ ला भिंत उभी राहायला लागली आणि हा तुकडा उरलेल्या रस्त्यापासून तुटला. तिथे पश्चिम बर्लिनच्या लोकांसाठी येण्याजाण्याचं एक नाकं होतं. मिखाचा हाइन्झमामा पश्चिमेकडून बहिणीला भेटायला येतो तो त्याच नाक्यावरून. आज तिथे उभं राहिलं तर भिंत कुठून जात होती हे रस्त्यात बसवलेल्या दगडांच्या दुहेरी रांगेवरून कळतं. सायकलवाले त्यावरून टकटक करत निघून जातात. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा त्या दगडांच्या अलीकडे एक पाय आणि पलीकडे एक पाय ठेवून बराच वेळ उभी होते. बघणाऱ्यांना ते पोरकट वाटलं असेल, पण त्या जागी तसं करावंसं वाटतंच.

ब्रुसिग यांनी याच कथेवर एक छोटी कादंबरीही लिहिली. तिच्या सुरुवातीला या तुकड्याची एक जन्मकथा आहे. १९४५ ची पॉट्सडॅमची बैठक चालू आहे, विजेते बर्लिन वाटून घेत आहेत. नाव गोड म्हणून स्टालिनला हा रस्ता हवा असतो. चर्चिलचा सिगार विझलेला असतो, स्टालिन अदबीने काडी पेटवून देतो आणि त्या उपकाराची परतफेड म्हणून चर्चिल रस्त्याचं शेपूट रशियनांना देऊन टाकतो. हे अर्थातच रचलेलं आहे. मजा अशी की १९४५ साली त्या रस्त्याचं नाव झोननआले नव्हतंच. नाझींनी त्याला हिटलरच्या जन्मगावाचं, ब्राउनाउचं नाव दिलं होतं. सूर्य परत आला तो १९४७ साली. म्हणजे ज्या नावावर स्टालिन भुलला असं कादंबरी सांगते, ते नाव तेव्हा पाटीवर नव्हतं. ही चूक नव्हे. आपण का दुभंगलो याचं खरं कारण एवढं मोठं आणि एवढं निर्दय असतं, की गल्लीतल्या पोरांना ते पेलत नाही. मग ती आपल्यापुरती गोष्ट रचतात. ही रचून सांगायची खोड लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

पडद्यावर दिसलेला रस्ताही खरा नाही. तो बाबेल्सबेर्गच्या स्टुडिओत १९९८ साली बांधलेला सेट आहे. घरं, दुकानं, फरशा, भिंत, सगळं. पुढे कितीतरी चित्रपटांनी तो सेट वापरला. बाबेल्सबेर्ग म्हणजे पूर्व जर्मनीच्या सरकारी चित्रपटसंस्थेचं, डेफाचं घर. याच संस्थेच्या चित्रपटांवर डिसेंबर १९६५ मध्ये पक्षाच्या बैठकीत कुऱ्हाड कोसळली. जवळजवळ वर्षभराचं काम डब्यात बंद झालं, कारण त्यातली तरुण माणसं शंका घेत होती, प्रश्न विचारत होती. काही डबे उघडले ते थेट भिंत पडल्यावर. त्याच बैठकीत पक्षप्रमुख वाल्टर उलब्रिख्ट पश्चिमेच्या 'ये ये ये' संगीतावर बरसले होते, तिकडून येणारी ती घाण आपण का उचलायची म्हणून. सरकारने पोरांच्या गाण्यांवर आणि पोरांच्या चित्रपटांवर एकाच बैठकीत हात टाकला. आणि चौतीस वर्षांनी त्याच आवारात पोरांचा, गाण्यांचा, हसण्याचा चित्रपट उभा राहिला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

गाण्यांशिवाय या चित्रपटाला हात घालताच येत नाही, म्हणून तिथे जरा थांबते. १९५८ साली पूर्व जर्मनीत एक आदेश निघाला होता: करमणुकीच्या आणि नाचाच्या कार्यक्रमात वाजणाऱ्या गाण्यांपैकी किमान ६० टक्के गाणी समाजवादी देशांतली असली पाहिजेत. डिस्कोत रेकॉर्डी लावणाऱ्या माणसाने शेवटी हिशेब द्यायचा. पण बर्लिनमध्ये हवेतून पश्चिमेचा रेडिओ येत होता, टीव्ही येत होता, आणि हवेला कुणी भिंत घालू शकलं नाही. पोरांना सगळं ऐकू येत होतं. नव्हती ती वस्तू. कानावर पडलेलं गाणं हातात धरता येत नव्हतं. वुशेलची तडफड ही त्या हातात धरण्याची आहे.

त्याला हवा असतो रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचा १९७२ चा दोन तबकड्यांचा अल्बम. आता यामागची खरी गोष्ट ऐका. ७ ऑक्टोबर १९६९. देशाचा विसावा वाढदिवस. पूर्व बर्लिनच्या पोरांत अफवा पसरली, की आज रोलिंग स्टोन्स भिंतीला लागून असलेल्या श्प्रिंगर वृत्तपत्रसमूहाच्या उंच इमारतीच्या गच्चीवर वाजवणार आहेत. म्हणजे इमारत पश्चिमेत, पण गाणी पूर्वेत ऐकू येणार. शेकडो पोरं जमली. माना वर करून गच्चीकडे बघत राहिली. गच्चीवर कुणी आलंच नाही. खाली पोलीस मात्र आले, लाठ्या चालल्या, पोरं उचलली गेली, काहींना तुरुंग भोगावा लागला. गाणं वाजलंसुद्धा नव्हतं. फक्त वर बघितल्याची ती शिक्षा होती.

स्टोन्स पूर्व बर्लिनमध्ये खरोखर वाजले ते ऑगस्ट १९९० मध्ये, वाइसनझेच्या मैदानावर. भिंत पडून नऊ महिने झाले होते, पूर्व जर्मनी कागदोपत्री अजून दीडेक महिना जिवंत होता. १९६९ साली मान वर करून उभी असलेली पोरं तेव्हा चाळिशीच्या आसपास आली असतील. चित्रपट ७ ऑक्टोबरला प्रदर्शित झाला त्यामागे देशाचा वाढदिवस हे कारण उघड आहे. माझ्या मनात मात्र ती तारीख आली की गच्चीकडे बघणारी पोरं येतात, आणि वुशेल छातीशी रेकॉर्ड घट्ट धरून धावताना दिसला की तो त्यांच्यातलाच एक वाटतो.

आता घरात येऊ. मिखाचं घर लहान आहे, आणि त्या घरातला विनोद मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तो वस्तूंमधून येतो. ते घडी करायचं टेबल आठवा. जेवणाचं, चहाचं, लिहिण्याचं, सगळ्या कामांचं मिळून एक टेबल. त्याचं अधिकृत नाव 'बहुकामी टेबल'. मिखाचे वडील ते खालीवर करायला जातात, एक कड खाली जाते, दुसरी अडकते, माणसं कोपरं सांभाळत बसतात, कुणी काही बोलत नाही. ज्यांनी दोन खोल्यांत सहा माणसांचा संसार बघितला आहे, त्यांना त्या टेबलाची व्याख्या सांगायची गरज नाही. राज्य म्हणे, आम्ही प्रत्येक गोष्टीची सोय केली आहे. घर म्हणे, हो, पण ती एकदा उघडली की मिटत नाही.

आणि तो हाइन्झमामा. पश्चिमेहून येताना कपड्यांच्या आत काहीबाही लपवून आणतो, नाक्यावर घामाघूम होतो, घरात शिरून एकेक वस्तू वीरासारखी काढून टेबलावर ठेवतो. त्यातलं बरंचसं आणायला मुळात बंदीच नसते! त्याने नुसती पिशवी हातात धरून आणलं असतं तरी चाललं असतं. पण मग त्याने बहिणीसाठी काय केलं असं झालं असतं? भीती हीच त्याची भेट आहे. हाच मामा घरात आला की आधी भिंतींकडे बोट दाखवतो: ॲस्बेस्टॉस आहे, मराल सगळे. आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने जातो तो स्वतः. मग बहीण पहिल्यांदा पश्चिमेला जाते, भावाच्या मर्तिकाला, आणि त्याची राख कॉफीच्या डब्यातून लपवून घेऊन येते. आयुष्यभर त्याने जे केलं ते त्याच्यासाठी एकदा करते. त्या डब्याच्या प्रसंगात आज आपल्याकडे पुढच्या दोन रांगा हसल्या आणि मागे कुणीतरी नाक ओढलं. दोन्ही बरोबर आहे.

शेजारचा माणूसही असाच. घरातल्या सगळ्यांना पक्की खात्री, की हा श्टाझीचा, म्हणजे गुप्त पोलिसांचा माणूस. त्याच्यासमोर सगळे जपून बोलतात. आणि मामा गेल्यावर कळतं, की हा मयतीची व्यवस्था बघणारा आहे. यावर मी खूप विचार केला. श्टाझी खोटी नव्हती. नव्वद हजारांवर नोकर आणि त्याहून जास्त खबरे असलेली ती यंत्रणा होती. पण तिची खरी ताकद अशी, की जिथे ती नव्हती तिथेही लोकांना ती दिसायची. शेजारी वर्षानुवर्षं जिन्यात भेटतो आणि त्याचं काम काय हे कुणी विचारत नाही. एवढं एक वाक्य विचारलं असतं तर भीती गेली असती. चित्रपटाने हे भाषण न देता, एका काळ्या कोटातल्या गरीब माणसाकडून सांगितलं आहे.

मिखाची आई डोरिस हिच्याबद्दल थोडं जास्त बोलते. तिला पश्चिम जर्मनीतल्या एका बाईचा हरवलेला पासपोर्ट सापडतो. ती तो लपवून ठेवते. फोटोतली बाई वयस्कर, म्हणून ही चेहऱ्यावर सुरकुत्या काढते, पोशाख बदलते, चाल बदलते आणि एके दिवशी नाक्याकडे निघते. आणि परत फिरते. कुणी अडवत नाही, कुणी ओरडत नाही. ती स्वतःच वळते आणि घरी येते. ही भूमिका केली आहे काथारिना थालबाख यांनी. पूर्व बर्लिनमध्ये वाढलेल्या या अभिनेत्रीने १९७६ साली तो देश खरोखर सोडला होता. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कवी आणि गायक वोल्फ बीअरमान पश्चिमेत कार्यक्रमाला गेले असताना त्यांचं नागरिकत्वच काढून घेतलं गेलं आणि त्यानंतर कितीतरी कलावंत बाहेर पडले, त्यात थालबाखही होत्या. म्हणजे जी बाई प्रत्यक्षात गेली, ती पडद्यावर न गेलेल्या बाईचं काम करते आहे. नाक्यासमोरच्या त्या काही सेकंदांत तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते नुसत्या तालमीने येत नाही. घरी चूल आहे, नवरा आहे, मुलगा बारावीच्या उंबरठ्यावर आहे. कुठलाही तात्त्विक निर्णय न घेता ती भाजी निवडायला बसल्यासारखी परत येते.

जाता जाता एक गंमत सांगते. मिखा जिच्या प्रेमात आहे त्या मिरियमच्या दारासमोर त्याला कुऱ्हाड हवी का असं विचारणारा तो शेजारी आठवतो? ते विनफ्रीड ग्लाट्झेडर. १९७३ साली त्यांनी 'पाउल आणि पाउला' या पूर्व जर्मन चित्रपटात प्रेयसीचं दार कुऱ्हाडीने फोडलं होतं. पूर्वेकडचं प्रत्येक घर तो चित्रपट ओळखतं. तिथल्या थिएटरात या एका वाक्याला सगळ्यात मोठा हशा पडायचा, आपल्याकडे पडणार नाही हे साहजिक आहे.

आता सैन्याकडे येते. चित्रपटभर एक कागद मिखाच्या डोक्यावर टांगलेला आहे. १९६२ पासून पूर्व जर्मनीत प्रत्येक मुलाला अठरा महिने सैन्यात जावंच लागे. पण विद्यापीठात जायचं असेल तर अठरा महिने पुरत नसत, 'स्वेच्छेने' तीन वर्षांची सही द्यावी लागे. आईला वाटतं, मुलाने सही करावी, शिकावं. शाळेला वाटतं, करावी. मिखाला मिरियम हवी असते. हे सगळं हलक्या हाताने येतं. तरी त्या सहीचं वजन किती होतं, हे सांगितल्याशिवाय मी पुढे जाऊ शकत नाही.

क्रिस गेफ्रॉय नावाचा एक मुलगा होता. जन्म १९६८ चा. सैन्यातला अधिकारी होणार नाही असं त्याने सांगितलं, म्हणून त्याला बारावी करू दिली नाही. विद्यापीठाचं दार बंद झालं. तो हॉटेलात वेटरचं काम शिकला. १९८९ च्या मेमध्ये त्याला सैन्यात भरती व्हायचं होतं. सीमेवर गोळ्या घालायचा हुकूम आता राहिला नाही, असं त्याच्या कानावर आलं होतं. ५ फेब्रुवारी १९८९ च्या रात्री तो आणि त्याचा मित्र ट्रेप्टोमधून निघाले आणि ब्रिट्झच्या कालव्याशी शेवटच्या जाळीपर्यंत पोचले. तिथे गोळ्या झाडल्या गेल्या. क्रिसच्या छातीत गोळी लागली आणि तो तिथेच गेला. वीस वर्षांचा होता. मित्र जखमी झाला, वर त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. पहाऱ्यावरच्या चार शिपायांना बिल्ला मिळाला आणि प्रत्येकी १५० मार्कांचं बक्षीस. भिंतीवर गोळी लागून मेलेला तो शेवटचा माणूस. नऊ महिन्यांनी भिंत पडली. बर्लिनच्या भिंतीवर गेलेल्यांची संख्या किमान १४० आहे, असं संशोधकांनी नावानिशी नोंदवलं आहे.

हे कुठे घडलं? झोननआलेच्या त्या छोट्या तुकड्यापासून फार लांब नाही, सहज चालत जाण्याजोगं अंतर आहे. तिथल्या रस्त्याला २०१० साली त्याचं नाव दिलं: क्रिस गेफ्रॉय आले. तोही 'आले'च. मी एका दुपारी एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर चालत गेले. कालव्याचं पाणी संथ होतं, काठाला एक माणूस कुत्र्याला फिरवत होता. तिथल्या स्मारकस्तंभावरचं नाव वाचताना माझ्या डोळ्यांसमोर वुशेल आला. त्याला वाचवायला स्टोन्सच्या दोन तबकड्या होत्या. या मुलाच्या अंगावर काही नव्हतं.

म्हणून चित्रपट आल्यावर राजकीय छळ सोसलेल्यांच्या एका संघटनेने दिग्दर्शकाविरुद्ध तक्रार नोंदवली, की हा बळींचा अपमान आहे, तेव्हा ती माणसं उगीच चिडली होती असं मी कधीच म्हणणार नाही. ज्यांचं पोर त्या जाळीपाशी पडलं, त्यांना पडलेलं पोर उठून बसलेलं बघवणार नाही. त्यांच्या रागापुढे मी मान खाली घालते. आणि तरीही मला हा चित्रपट खरा वाटतो. का ते सांगते.

डायऱ्यांचा प्रसंग आठवा. मिरियमवर छाप पाडायला मिखा थाप मारतो, की मी लहानपणापासून डायरी लिहितो. ती म्हणते, वाचून दाखव. डायरी एकही नाही. मग तो पोरगा रात्रभर बसतो आणि आपलं सगळं आयुष्य मागच्या तारखा टाकून लिहून काढतो. अक्षर फुटलेल्या पोराच्या वाक्यांपासून सुरुवात, मग थोडा मोठा, मग आणखी मोठा. वह्यांवर वह्या. सकाळी त्या वह्या घेऊन तो तिच्याकडे जातो.

माझ्या मते हा अख्खा चित्रपट त्या वह्यांपैकी एक वही आहे. हाउसमान आणि ब्रुसिग दहा वर्षांनंतर बसले आणि मागच्या तारखा टाकून आपलं तारुण्य लिहून काढलं. आणि हे त्यांनी लपवलेलं नाही. चित्रपटाच्या मधोमध, नायकाच्याच हातून, सगळ्यांदेखत खोटी डायरी लिहून दाखवली आहे. बघा, हे असं बनवलं जातं, आणि प्रेमापोटी बनवलं जातं. पूर्व जर्मनी संपल्यावर तिथल्या माणसांच्या आयुष्याचे दोनच दस्तऐवज उरले होते. एक, श्टाझीच्या फाइली, ज्यात कुणी किती वाजता कुठल्या जिन्यात शिरलं ते तारखेसकट होतं. दुसरे, वर्तमानपत्रांतले लेख, ज्यात ती सगळी आयुष्यं एक चूक म्हणून मांडली होती. फाइलीतल्या तारखा खऱ्या होत्या, पण माणूस त्यात नव्हता. मिखाच्या वहीतल्या तारखा खोट्या आहेत आणि पानापानावर माणूस आहे. ज्यांना जगून झाल्यावर आपलं आयुष्य आपल्या अक्षरात हवं होतं, त्यांनी रात्र जागून काढली.

मग वुशेल उठून बसतो ते काय, हे आता सांगता येईल असं वाटतं. तो गोळी खोटी होती असं म्हणत नाही. गोळी सुटते, लागते, अल्बमला भोक पडतं. पण वही लिहिणारा मित्र आहे, आणि मित्राला ते पान तसंच लिहवत नाही. हात थांबतो. तो लिहितो, की वुशेल रडला, रेकॉर्डसाठी रडला. आपण हसतो ते सुटकेने हसतो, आणि आपल्याला आतून ठाऊक असतं, की हे पान बदललेलं आहे. म्हणून तर हसून झाल्यावर घशाशी काहीतरी राहतं. नुसती गंमत असती तर राहिलं नसतं.

आणि मग शेवट. रस्त्यावर सगळे नाचतात, भिंतीच्या दिशेने नाचत येतात, आणि त्यानंतर कॅमेरा मागे मागे सरकत जातो. रस्ता ओस पडलेला असतो. आणि रंग हळूहळू उडत जातो, कृष्णधवल होतो. त्यावर वाजतं नीना हागेनचं १९७४ चं गाणं. जर्मन न येणाऱ्यांसाठी सांगते: सुटीला समुद्रावर गेलेली एक मुलगी मिखाएल नावाच्या आपल्या मित्रावर भडकली आहे, कारण तो कॅमेऱ्यात रंगीत फिल्म घालायला विसरला. आता सगळे फोटो कृष्णधवल येणार आणि इथे किती सुंदर होतं यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. आपल्या नायकाचंही नाव मिखाएलच. गाणारी मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती, बीअरमान तिचे सावत्र वडील. त्यांच्यापाठोपाठ १९७६ मध्ये तीही देश सोडून गेली. हे गाणं पूर्वेकडच्या लोकांच्या मनात किती खोल आहे याचा पुरावा डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या जगाला दिसला. अँगेला मर्केल चॅन्सेलरपदावरून निवृत्त होताना सैन्याच्या बँडने निरोपाला वाजवायच्या गाण्यांत त्यांनी हेच गाणं निवडलं. त्यांचंही तारुण्य तिथलंच.

फिल्मचा विषय निघाला म्हणून सांगते. माझ्या वयाच्या आपल्याकडच्या लोकांना साम्यवादी देश माहीत झाले ते प्रदर्शनात स्वस्तात मिळणाऱ्या गुळगुळीत पानांच्या सोव्हिएत पुस्तकांमुळे. पण पूर्व जर्मनी आपल्या घरात आणखी एका वाटेने आला होता आणि बहुतेकांना ते कळलंच नाही. ओर्वो. वोल्फेन गावच्या कारखान्यात बनणारी फिल्म. आपल्याकडच्या फोटोस्टुडिओंत, सिनेमाच्या युनिटांत, घरगुती कॅमेऱ्यांत ती सत्तरच्या दशकात सर्रास असायची. माझ्या वडिलांच्या कॅमेऱ्यात ओर्वोचाच कृष्णधवल रोल असे. रिकाम्या डब्या आई शिवणाच्या सुया ठेवायला वापरायची.

त्या रोलवरचा एक फोटो आमच्याकडे आहे. अलिबागचा किनारा, ओहोटीचं पाणी, आई साडीचा पदर धरून उभी, वाऱ्याने केस तोंडावर आलेले. लग्नानंतरचं पहिलं वर्ष. फोटोत साडी राखाडी आहे. अल्बम काढला की आई त्या पानावर बोट ठेवते आणि सांगते, मोरपंशी होती. काठ आंबा रंगाचे. मी ती साडी कधी पाहिलेली नाही, माझ्या जन्माआधीच ती विरली. पण तो फोटो आठवला की मला मोरपंशीच दिसतो.